साबुदाण्याच्या खिचडीविषयी माझा अंतिम निर्णय

मी, वसुधा रामनाथ पेडणेकर, वय चौऱ्याहत्तर, बी. ए. (इतिहास), राहणार मुलुंड पूर्व, हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत आहे.

१. फ्लॅट व ठेवी भाची स्वरदा हिला. पडदे तिने लगेच बदलावेत. मला ते कधीच आवडले नाहीत, पण फाटेनात.

२. शेजारीण क्षमा दळवी आणि मी मिळून पेशवाईतल्या प्रेमकथा लिहिल्या. प्रेम तिचे, इतिहास माझा. एका कादंबरीत मोहिमेवरून परतलेल्या शिलेदाराला नायिका एकादशीला आपल्या पानातले वाढते. मी वरीचा भात लिहिला होता. क्षमाने परस्पर छापखान्यात जाऊन साबुदाण्याची खिचडी केली. त्या काळी पुण्यात साबुदाणा कोणाच्या चुलीवर चढला नव्हता. मी जाब विचारला, तर म्हणाली, "वसू, वरीवर कोण प्रेमात पडतं गं?"

मी पावसाळाभर तिच्याशी बोलले नाही.

३. पुस्तक मात्र त्याच प्रसंगामुळे खपले. कांजूरमार्गची सपना होणाऱ्या नवऱ्याला घेऊन पाया पडायला आली. पहिल्या भेटीत त्याच्या डब्यात खिचडी निघाली, म्हणून हिने होकार दिला. मी तिला साबुदाण्याचा खरा इतिहास सांगितला. ती म्हणाली, "ते बरोबर असेल ना मॅडम, पण वाचताना भूक लागते."

४. आता नवी आवृत्ती निघते आहे. वरी की साबुदाणा, हे ठरल्याशिवाय प्रकाशक छापणार नाहीत, आणि आमचे भांडण माझ्यामागे स्वरदाच्या गळ्यात पडायला नको. म्हणून माझे लेखनाचे सर्व हक्क क्षमाला देत आहे. साबुदाणा राहील. तळटीप मी लिहून पाहिली; ती संपेपर्यंत खिचडी गार होते.

५. मात्र त्याच पानावर क्षमाने खिचडीत घातलेला बटाटा काढावा. तो न काढल्यास हे हक्क स्वरदाकडे जातील. प्रेमालाही काही मर्यादा असाव्यात.

क्षमा लाभार्थी असल्याने तिची साक्षीदार म्हणून सही घेतलेली नाही. तिने साक्षीदारांसाठी खिचडी केली आहे. बटाटा घातलेला नाही, मी झाकण काढून पाहिले. शेंगदाणे आहेत. त्यांविषयी हे मृत्युपत्र मौन बाळगते.

सही: वसुधा रामनाथ पेडणेकर

आमच्यादेखत सही केली:
१. डॉ. निलेश सामंत
२. सहदेव तांडेल, सोसायटीचे सचिव

मुलुंड पूर्व, दि. ९ फेब्रुवारी २०२५