अखंड नमुना

३ नोव्हेंबर १९९८, सिंदी (रेल्वे)
आले एकदाची. आंजीहून निघताना आईने डब्यात इतकं कोंबलं, की वाटावं मी सिंदीला नाही, सीमेवर चाललेय. जागा झकास आहे. जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये प्रयोगशाळा, कोपऱ्यात अजून सरकीचा वास येतो. कामही माझ्या आवडीचं. तेलविहीर खोदताना खालून जो दगड येतो, त्याचे टॉर्चच्या सेलएवढे गोल तुकडे कापायचे आणि यंत्रात फुटेपर्यंत दाबायचे. किती दाबाला फुटला, त्यावर विहिरीत किती जड चिखल भरून ठेवायचा ते ठरतं. चिखल हलका पडला तर कडा आत ढासळतात. आणि हे दगड नेमके योगूच्याच विहिरीचे. योगेंद्र, माझा धाकटा भाऊ, तिकडे गुजरातेत रिगवर आहे. जेवायला उशीर झाला की हातातलं तांब्याचं कडं ताटावर वाजवत बसणारा कारटा.

९ नोव्हेंबर
डोकं फिरलंय. इथली रीत अशी, की कापताना जो तुकडा फुटला तो मागच्या अंगणात फेकायचा आणि अखंड राहिला तोच यंत्रात लावायचा. म्हणजे कच्चे सगळे बाहेर, पक्के तेवढे मोजायचे, आणि वर लिहायचं की दगड भक्कम आहे. नापासांना घरी पाठवून शाळेचा निकाल शंभर टक्के लावण्यातला प्रकार. आमचे साहेब प्रभाकरराव यांना हे सांगितलं, तर म्हणतात, फुटलेल्याची ताकद मोजणार कशी, तुम्हीच सांगा. मी म्हटलं, माझा भाऊ त्या विहिरीवर आहे. तर म्हणाले, मग तर रिपोर्ट लवकर द्यायला हवा. हसतही होते वर. असा संताप आला, की चहाचा कप तसाच ठेवून उठले.

१२ नोव्हेंबर
फेकलेले तुकडे सकाळी माझ्या टेबलावर. ओळीने मांडलेले. झाडू मारणाऱ्या मंदाबाईंवर उगीच खेकसले. त्या म्हणाल्या, म्या काऊन ठेवू मॅडम, मले तं ते दगड हातात धरवत नाई, तापलेले लागतात. हात लावून पाहिला. खरंच गरम होते. हा वात्रटपणा ज्याचा असेल त्याची धडगत नाही. पुन्हा फेकले, चांगले लांब.

१४ नोव्हेंबर
परत आले. आणि सांधलेले. चीर नाही, तडा नाही. मी स्वतः फुटताना पाहिलेत ते. भीती वाटायला हवी होती, मला राग आला. साहेबांना ओढून आणलं. ते खूश. अखंड आहेत ना, मग लावा म्हणाले. लावला एक. दाबाचा काटा जागचा हलला नाही आणि दगड ओल्या पिठासारखा खाली बसला. बसताना कोणी श्वास सोडावा तसा आवाज आला. तो साहेबांनीही ऐकला, तोंड पांढरं पडलं त्यांचं. तरी म्हणाले, हा हिशेबात धरू नका, रिपोर्ट परवाच गेलाय. मला न विचारता.

१७ नोव्हेंबर
एसटीडी बूथवरून योगूला गाठलं. म्हटलं, बिमारीचं सोंग कर, पण तिथून निघ. तो हसूनच राह्यला. म्हणे ताई, तुमचा रिपोर्ट झकास आला, कालपासून चिखल हलका केला, काम सुसाट चालू आहे, तू काऊन भेऊन राह्यली. मी ओरडले. त्याने फोन ठेवला.

१९ नोव्हेंबर
बूथवाले रूपराव निरोप घेऊन आले. विहिरीची कड ढासळली. योगू तिच्या तोंडाशी असलेल्या खड्ड्यात उतरला होता. शोधून राह्यले म्हणे. सापडला नाही — सापडला नाही म्हणजे मेला नाही. मेला नाही तो.

२० नोव्हेंबर
टेबलावर नवा दगड. विहिरीवरून दगडांची पेटी आली नाही, कोणी आणला नाही. ओला, गरम. बाजूने घासून पाहिला. आधी हिरवट, मग लाल — तांबं.
आतून आवाज येतोय. टक टक. ताटावर वाजवतो तसाच —

दुपारी
साहेबांनी दगड फिरवून पाहिला. कुठे तडा नाही. म्हणाले, अखंड आहे, लावू. विहीर ढासळल्यावर दगड भक्कम होता हे दाखवायला त्यांना अजून एक आकडा हवाय. मी म्हटलं, कान लावा, माझा भाऊ आहे आत. त्यांनी हिसकावून यंत्राच्या खोलीत नेला. आतून कडी.
दार बडवून हात सोलले. खिडकीला गज, त्यातून यंत्र तेवढं दिसतंय. लिहून ठेवतेय, कारण उद्या हा माणूस सगळं नाकारेल —
यंत्र चालू केलं.
काटा चढतोय. टक टक जोरात —
पिठासारखा नाही बसला. धरून आहे. योगू धरून आहे —
मंदाबाई दार उचकटायला सब्बल घेऊन आल्या. योगू, जरा दम धर, मी दार