सास्काटूनची थंडी आणि मुलुंडची टेकडी

२ नोव्हेंबर, रविवार
सिद्धेशचा फोन. कॅनडात, सास्काटूनला, बर्फ सुरू झालाय. महिनाअखेरीस साहेबाबरोबर हरणाच्या शिकारीला जाणार म्हणाला. लायसन, कोर्स, सगळं रीतसर. दोन वर्षं ऑफिसात एकटाच डबा खात होता पोरगा. त्या लोकांनी पहिल्यांदाच कुठे बोलावलंय. मी म्हटलं, जा, बिनधास्त जा. फोन ठेवल्यावर गोळ्यांची डबी काढून बसलो. बीपीची गोळी राहिली असणार. सिद्धेशची आई, सुलक्षणा, म्हणते, सकाळीच घेतलीत.

३ नोव्हेंबर, पहाटे
झोप नाही. निश्चय: घाबरायचं नाही. या घरात शिकारीतलं कळणारा मी एकटाच. बहात्तर साली गावच्या पारधीला मी होतो. डुकरामागे अख्खा गाव रानात उतरला होता. तपशील इथे लिहीत नाही, वेळ नाही.
सुलक्षणा चहा ठेवताना म्हणाली, झाडार चडान बसलेल्या माणसान शिकारीच्यो गजाली सांगू नयेत. हे तिला कोणी सांगितलं ते शोधून काढायचं.

५ नोव्हेंबर
दिवसभर मोबाईलवर बर्फातल्या शिकाऱ्यांचे व्हिडिओ. इंग्रजी फार भराभर बोलतात, पण चित्रं कळतात. एकाची बोटं कोळशासारखी काळी. जेवण गेलं नाही. सुती कपडा घामाने भिजला की तोच जीव घेतो म्हणे. आणि गारठलेल्या माणसाला शेवटी उकडायला लागतं, तो अंगावरचे कपडे काढतो! सिद्धेशला ताबडतोब मेसेज: काही झालं तरी कपडे काढू नकोस. उत्तर आलं, बाबा, मी मीटिंगमध्ये आहे.

८ नोव्हेंबर, शनिवार
रानात जाणाऱ्यासाठी नियम लिहून काढले. चौदा झाले. पहिला: घरी सांगितल्याशिवाय रानात पाऊल टाकू नये. बाकीचेही चांगलेच आहेत. सातवी पास माणसाने लिहिलेत असं कोणी म्हणणार नाही. फोटो काढून पाठवले. सिद्धेशने अंगठा पाठवला. चौदा नियमांना एकच अंगठा.

१० नोव्हेंबर
सुलक्षणाने दोन कानटोप्या विणल्या. एक त्याला, उरलेल्या लोकरीची मला. रंग माझ्या पसंतीचा, वाळल्या पानासारखा तपकिरी. शिकारी रानात दिसता कामा नये. तिला लाल हवा होता. बायकांना यातलं काय कळतं. त्याची कुरियरने रवाना.

१३ नोव्हेंबर
अनुभवाशिवाय सल्ला देणं मला पटत नाही. मुलुंडला अजून पंखा दोनवर. म्हणून मासळीबाजारात प्रेमाकडे गेलो आणि तिच्या बर्फाच्या पेटीत, माशांमध्ये, हात घातला. दहा मिनिटं ठेवणार होतो. प्रेमा सगळ्यांसमोर ओरडली, काका, हलव्यावर हात ठेवून शपथ घेताय काय? घ्यायचा असेल तर घ्या, नाहीतर हात काढा, गिऱ्हाईक खोळंबलंय!
दीड मिनिट झालं असेल. हलवा घ्यावा लागला. सिद्धेशला कळवलं, बोटं बधिर होतात, स्वतः पाहिलंय. त्याने विचारलं, हलवा तळलात की कालवण?

२१ नोव्हेंबर, शुक्रवार
वाट लागली.
पार्सल पोचलं. सिद्धेश म्हणाला, कानटोपी झकास, घरात घालेन. रानात भडक नारिंगीच घालावी लागते, नाहीतर दुसरा शिकारी हरीण समजून गोळी घालतो.
म्हणजे मी पोटच्या पोराला हरणाच्या रंगाची टोपी पाठवली. तिकडे फोन केला: जाळून टाक. तो म्हणाला, बाबा, आईने विणलीय. म्हटलं, मग कपाटात ठेव आणि कुलूप लाव. दोन तासांनी विचारलं, लावलंस? मग झोपायच्या आधी एकदा. सुलक्षणाला रंगाचं काही बोललो नाही. तिने ऐकलंच होतं.

२६ नोव्हेंबर
अन्न कडू लागतंय. आणखी एक नियम घातला, पंधरावा: तू कुठे आहेस ते मला इथे दिसलं पाहिजे. सिद्धेशने व्हिडिओवर अर्धा तास खर्ची घालून मोबाईलमध्ये ती सोय करून दिली. नकाशावर त्याच्या फोटोचा गोल ठिपका. म्हणाला, तुम्हीही मला दिसाल हं. म्हटलं, मी कुठे जातोय रे?
परवापासून दिवसरात्र ठिपका बघतोय. ऑफिस. घर. परत ऑफिस. मध्ये एक दुकान, तिथे चाळीस मिनिटं. विचारलं, काय घेतलंस? म्हणाला, दाढीचं सामान.

२९ नोव्हेंबर, शनिवार, दुपारी ४
आजच. त्यांचं घड्याळ साडेअकरा तास मागे. आपल्या साडेसहाच्या सुमाराला ते गाडीतून रानाकडे निघणार. उणे अठरा.
घरात बसवत नाही. पोरगा रानात आणि बाप सोफ्यावर, हे बरं नाही. मुलुंडच्या टेकडीवर, तिथेही रानच आहे, एक तास बसून येतो, म्हणजे त्याला काय होत असेल ते मला आतून कळेल. कानटोपी घेतली. सुलक्षणाला सांगितलं, नाना-नानी पार्कात जातो. उगाच घाबरायची. मोबाईल अकरा टक्के. सकाळपासून ठिपका बघतोय ना. पुरेल.

३० नोव्हेंबर, रविवार
नोंद राहावी म्हणून लिहितो. मी वाट चुकलो नाही. वाट संपली.
चढताना सुती शर्ट घामाने चिंब. वर वारा. परत वळलो तर खाली जाणाऱ्या वाटा तीन. एकीवरून उतरलो, ती पुन्हा वर गेली. अंधार झाला. मोबाईल गेला. दात वाजायला लागले, कानटोपी हनुवटीपर्यंत ओढली. मग पाचोळा वाजला. बिबट्याच. झाड अगदी जवळ होतं, पण वयाच्या एकाहत्तरीत चढवत नाही. खडकाआड उकिडवा बसलो आणि पंधराही नियम आठवून पाहिले. एकाचाही उपयोग होईना.
मग बॅटरीचा उजेड, आणि उजेडात काठी उगारलेली. मी ओरडलो, अरे माणूस आहे मी! जंगलाचा रखवालदार होता, मिथुन नावाचा. म्हणाला, काका, तोंड उघडलंत म्हणून वाचलात. मला वाटलं डुक्कर बसलंय. असल्या रंगाची टोपी घालून रानात कोण येतं? पाचोळ्यातला बिबट्या म्हणजे त्याचं कुत्रं. माझे हात चाटत होतं.

झालं असं. साडेसहाला सिद्धेशने निघता निघता गाडीत मोबाईल उघडला. माझा ठिपका टेकडीवर, आणि हलत नाही. त्याने आईला फोन केला, बाबा जंगलात काय करतायत? ती म्हणाली, ते तर पार्कात बसलेत. मग ती चपला न घालता खाली धावली. सोसायटीची माणसं निघाली, रखवालदाराला गाठलं. मी सापडलो साडेआठला. तोवर दोन तास सिद्धेश गाडीतून उतरलाच नाही. साहेबही त्याच्याजवळ बसून राहिला. तिथे उजाडलं. हरणं गाडीच्या समोरून गेली म्हणे, चार.
सुलक्षणाच्या फोनवर त्याच्याशी बोललो. आधी रडला. मग म्हणाला, बाबा, पहिला नियम काय होता?
मी म्हटलं, आवाज तुटतोय रे, रेंज नाही इथे.
हॉलमध्ये बसलो होतो.

२ डिसेंबर
सर्दी, ताप. सुलक्षणा काढा समोर आपटते आणि आत जाते. तिच्या पायाच्या अंगठ्याला पट्टी आहे. विचारणार होतो.
सिद्धेशचा साहेब आता रोज सकाळी विचारतो म्हणे, तुझे वडील कसे आहेत? म्हणजे तिकडे आपलं नाव झालंय.

१५ डिसेंबर
कॅनडाहून पार्सल. सिद्धेशची नारिंगी टोपी. चिठ्ठी: मी पुढच्या वर्षी दुसरी घेईन. ही तुम्ही घाला. सुलक्षणाने पंधरा दिवसांत पहिलं लांब वाक्य उच्चारलं: ही डोक्यावर असल्याशिवाय जिना उतरायचा नाही, आणि कुठे जातोय ते सांगितल्याशिवाय तर नाहीच.
खरा शिकारी अशीच घालतो. चांगली बसते.

१६ डिसेंबर
सुलक्षणाला सांगून बाजारात गेलो. प्रेमा लांबूनच म्हणाली, काका, आज दिसलात हो! कोथिंबीर आणि दोन लिंबं घेऊन परत आलो तर गेटवर नवीन वॉचमन. टोपीकडे आणि पिशवीकडे बघून रजिस्टर पुढे सरकवलं. अंकल, डिलिव्हरी? एन्ट्री करो.
वाद घातला नाही. चष्मा लावून नीट अक्षरात लिहिलं. कोणाकडे: सुलक्षणा. मजला: तिसरा. काम: कोथिंबीर.
तो म्हणाला, जाते टाइम साइन करके जाना.
म्हटलं, करीन.