शेंगदाण्याचं बटर आणि वस्तादांची पुडी

४ डिसेंबर
आज रेश्माला मारलं. एकच थोबाडीत, पण पूर्ण हात सोडून. एकाच तालमीतल्या आम्ही, एकाच खोलीत राहतो. मी डब्यातून बटर चाटत होते. ती म्हणाली, "सुकन्ये, ते शेंगदाण्याचं बटर सोड की. पुटकुळ्यांनी तोंडाची चाळण झालीय तुझ्या!" पुढचं तिला बोलताच आलं नाही. ओठ फुटला.

दुकानातलं नाही खात मी. दाणे भाजायचे, सालं पाखडायची, मिक्सरमध्ये तेल सुटेपर्यंत फिरवायचे. चिमूटभर मीठ. दिवसभराच्या मारामारीत तेवढंच एक सुख — आणि त्यावरच सगळ्यांचा डोळा!

६ डिसेंबर
भारत वस्तादही तेच म्हणाले. "तेल हाय त्यात. बंद कर. माझी पुडी तेवढी घेत जा दुधातनं." ही पुडी ते निवडक पोरींनाच देतात. आत काय आहे विचारलं तर हसतात. "ताकद!"

बटर बंद. डबा रेश्माला दिला. तिनं घेतला. माझ्याकडं बघितलं नाही.

२१ डिसेंबर
बटर नाही, तरी पुटकुळ्या वाढतायत! आता खांद्यावर, पाठीवर. सरावात घासून फुटतात. गादीवर माझंच रक्त.

२८ डिसेंबर
जिल्ह्याची कुस्ती. समोर अक्कलकोटची आरोही. हात मिळवायच्या आधी पंचांना म्हणाली, "हिला कायतरी रोग हाय." लोक हसले.

तिला खाली घेतलं. हात पाठीमागं पिळला. पंचांची शिट्टी ऐकू आली — खरंच आली. सोडला नाही. खांदा निखळल्याचा आवाज ऐकला. तरी सोडला नाही. तिघांनी ओढून बाजूला केलं मला.

तिची आई किंचाळत होती, "पोरगी न्हाय ही, जनावर हाय!"

आणि मला बरं वाटत होतं.

२ जानेवारी
वर्षभर खेळायला बंदी घातली. अण्णा मेंढरं भावकीत सोपवून गावाकडनं आले. मला कातडीच्या डॉक्टरांकडं नेलं. दानेश्वरी मॅडम.

"शेंगदाणे खुशाल खा," म्हणाल्या. "घरचं बटर, साखर न घालता, चमचाभर. चेहरा सौम्य साबणानं धू, पुटकुळ्या फोडू नकोस. आणखी काय घेतेस?"

पुडीचं सांगितलं. त्या गंभीर झाल्या. "अशा पुड्यांत कधीकधी पुरुषी हार्मोन घालतात. त्यानं पुटकुळ्या येतात. डोकंही भडकतं. आणून दे, तपासून घेते."

डोकंही भडकतं! रिक्षात बसून रडले. अण्णा पाठीवरनं हात फिरवत म्हणाले, "तू न्हवतीसच ती, पोरी. औषध हुतं."

१२ जानेवारी
पुडी बंद, बटर सुरू! कडक भाकरीवर. भाकरी मोडायचा कडकन आवाज आणि वर ते मऊ, खारट — डोळे मिटून खाल्लं. हनुवटीवर नवीन एकही नाही.

१५ जानेवारी
तालमीत गेले. विचारायलाच गेले होते.

"काय घालत होता तुम्ही पुडीत?"

वस्ताद हसले. "ताकद."

लोखंडी डंबेल हातात कधी आलं आठवत नाही. पहिला घाव गुडघ्यावर. ते पडले. मग हातांवर, ते तोंड झाकत होते म्हणून. मी ओरडत होते, "तुम्ही मला जनावर केलंत!" पोरींनी मागनं धरलं, तरी एक बसलाच.

ते दवाखान्यात आहेत. गुडघ्याचा चुरा झालाय. अण्णा पोलिसांपुढं हात जोडून, "औषधानं झालंय, सायेब. माझी पोर अशी न्हाय."

पुडी सोडून तेरा दिवस झाले. पण अंगात शिल्लक असेल की. असणारच.

१९ जानेवारी
मॅडमचा फोन. पुडीत दुधाची पावडर आणि साखर. "पुटकुळ्या त्यानं वाढल्या असतील. पण बाकी काही नाही, सुकन्या. काहीच नाही. दोनदा तपासलं."

अण्णांना अजून सांगितलं नाही.