बाईंचं कटिंग

आई, मी कुलूप लावलंय. तुला आवडणार नाही, माहीत आहे, आणि तरीही लावलंय. तुझ्या माघारी मी एक प्रोग्रॅम बनवला. ब्लाउजची मापं टाकली की पूर्ण आकाराचं पेपर कटिंग छापून मिळतं. शिवणकाम करणाऱ्या बायका तो विकत घेतात. म्हणजे पहिल्या काहींनी घेतला. बाकीच्यांनी त्यांच्याकडून पेनड्राइव्हवर उतरवला आणि अडचणी मात्र मला हक्काने फोन करून विचारल्या.

कर्वेनगरच्या आपल्या स्वयंपाकघरात ओट्यासमोर सतरंजी टाकून तुझा क्लास चालायचा. नियम एकच: कागद कुणीही उतरवून घ्यावा, फक्त कोपऱ्यात ‘बाईंचं कटिंग’ असं लिहावं. एकीने तो कोपरा कापून टाकला आणि समोरच्या गल्लीत स्वतःचा क्लास काढला. तुझ्या कागदात शिवणीची माया, ते शिलाईसाठीचं जादा कापड, आधीच धरलेली असते, हे मात्र ती विसरली आणि कापताना पुन्हा माया सोडत राहिली. तिचे ब्लाउज अंगात पोत्यासारखे व्हायला लागले, आणि त्या बायका आल्या कुठे? आपल्याच दारात. तू चहा ठेवलास आणि उसवायला बसलीस. मी नुकती कॉलेजातून आलेली, माझं डोकंच फिरलं. “तिच्याकडे पाठव ना त्यांना!” तू मान वर न करता म्हणालीस, “अगं, कापड तिचं नाही, या बाईचं आहे. आणि एवढा जोर आलाय तर ही बाही उसव.” मी उसवली नाही. आजही उसवणार नाही. तुझा तो चांगुलपणा मला तेव्हा पटला नव्हता आणि आताही पटत नाही.

म्हणून प्रोग्रॅमला कुलूप. हल्ली या कामासाठी सेवा मिळतात. त्या प्रोग्रॅम गिऱ्हाइकापर्यंत पोचवतात, प्रत्येकीला तिची किल्ली देतात, तो किती कॉम्प्युटरवर चालतोय ते बघतात. मी सगळ्यात कडक सेवा निवडली. उघडताना दर वेळी इंटरनेटवरून परवानगी मागणारी. खोटं कशाला बोलू, मला ती फार आवडली होती. महिनाभरात वाघोलीहून एका टेलर बाईंचा फोन आला. “अहो मॅडम, तुमचं ते उघडंना. जुना कॉम्प्युटर बंद पडला म्हणून पोरीच्या लॅपटॉपवर टाकलं, तर परवानगी नाही म्हणतंय. मी काय चोर हाय का? परवा हळद हाय नवरीची!” सेवेकडे तक्रार केली, तर उत्तर आलं की मशीन बदललंय, तीन दिवसांत तपासून कळवू. मी कटिंग घरीच छापलं आणि स्कूटर काढली. दुकानात टेबलावर नवरीचं जरीचं कापड पसरलेलं आणि बाई हातात खडू घेऊन नुसत्या बसलेल्या. कापड कुणाचं, ते तुझं वाक्य आठवलं. लगेच हसू नकोस.

कुलूप मी काढलेलं नाही. बदललं फक्त. नवी सेवा किल्ली एकदाच तपासते, मग इंटरनेट असो नसो. दोन कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम चालतो, आणि जुनं मशीन बाई स्वतः काढून नवं जोडू शकते, कुणाच्या पाया पडावं लागत नाही. उद्या ती सेवाच बंद पडली तरी विकत घेतलेला प्रोग्रॅम चालत राहील, हे मी त्यांच्याकडून लिहून घेतलंय. तुझं ऐकलं ते एवढंच. पेनड्राइव्हवाल्यांसाठी मी चहा ठेवणार नाही. माझं काम आहे, माझ्या नावाने जाईल. प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात ते छापलं जातं, आणि ते कापायचं तर खुशाल कापा, बाही जिथे जोडतात त्या मुंढ्याच्या आतही बारीक अक्षरात पुन्हा आहे.

नव्या सेवेच्या नोंदणीच्या फॉर्मवर त्यांनी विचारलं होतं, ही निर्मिती पूर्णपणे आपली स्वतःची आहे का? मी ‘हो’ केलं. हे पत्र कुठे जाणार नाही, म्हणून सांगते. मुंढ्याचा तो बाक मला कधीच काढता आला नाही. तुझ्या खाकी कागदाचा फोटो घेऊन तो प्रोग्रॅममध्ये उतरवलाय, आणि फोटो घेताना ‘बाईंचं कटिंग’ लिहिलेला कोपरा मी मागे दुमडला होता.