सिद्ध्याच्या धंद्याला रवळनाथाचा कौल

धाकूदादा,

नमस्कार-बिमस्कार मागाहून, आधी तुझ्या भाच्याने काय केलंय ते ऐक. सिद्ध्याने नोकरी सोडली! एसीतली नोकरी! म्हणे, "आई, मला स्वतःचं काहीतरी करायचंय." (फोनच केला असता, पण तो आता दिवसभर घरातच असतो. तुझा गुडघा कसा आहे?) बरं, काय करणार ते ठरलंय? तेही नाही. एक कन्सल्टिंग, म्हणजे पैसे घेऊन दुसऱ्यांना अक्कल शिकवायची. अरे, मी नाहूरला आल्यापासून अख्ख्या बिल्डिंगला फुकट शिकवतेय, कोणी चहा पाजला नाही! नाहीतर स्वतःचं प्रॉडक्ट, फ्रिजमध्ये काय उरलंय ते मोबाईलवर बोलून सांगणारं. ते सांगायला मी काय मेले?

कन्सल्टिंग केलं खालच्या गिरणीवाल्या नंदकिशोरला. बायकांची रांग नको, मोबाईलवर नंबर लावा. त्याने ऐकलं (बिचारा). आता बायका म्हणतात, उभं राहून गप्पा मारायच्या नाहीत तर दळण घेऊन यायचं कशाला? सगळ्या पलीकडच्या गिरणीत! नंदकिशोर जिन्यात मला बघून तोंड फिरवतो.

आणि ते प्रॉडक्ट लावलं आमच्याच फ्रिजला. मुलुंडहून अबोलीची आई आलेली, होणारी विहीण, शुद्ध शाकाहारी. मी म्हणतेय, माझा आज शनिवारचा उपास, आणि मोबाईल ओरडला, "बांगड्याचं तिखलं, कालचं, अर्धा टोप!" दादा, ती बाई पाणी न पिता उठली.

आता रविवारी अबोलीचे वडील येतायत. मुलगा काय करतो विचारलं तर काय सांगू? म्हणून मी वैतागून बोलले, मामाला सांगते, रवळनाथाला कौल लावेल. तर हा हो म्हणाला! इंजिनियर झालेला मुलगा! तेव्हा मात्र मी वैताग विसरले. म्हणजे पोराला खरंच काही सुचत नाहीये रे. तर गुरवाला नीट समजावून गाऱ्हाणं घालायला लाव. उजवा पडला तर कन्सल्टिंग, डावा पडला तर प्रॉडक्ट.

वहिनीला विचारलंय म्हणून सांग.

तुझी वनमाला

ता. क. कौल कुठलाही पडो, तू सिद्ध्याला सांग, देव म्हणतो नोकरी धर. देवाचं मी बघून घेईन.

ता. क. आणखी एक. नको, खोटं नको सांगू. तो तुझ्या शब्दावर सगळं सोडून देईल आणि जन्मभर तोंड पाडून बसेल. त्यापेक्षा एवढंच विचार, पोराला जमेल ना? डावा पडून नाही म्हणाला तर परत लाव. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला, फक्त मला, फोन कर.