एका श्लोकाइतका श्वास

ताई,
सेहेचाळिसाव्या वर्षी बाप झालेल्या तुझ्या धाकट्याचा नमस्कार. हे पत्र मी टाकणार नाही. वाचलंस तर गुडघ्याचे टाके विसरून पहिल्या गाडीनं निघशील.

काल दुपारी पाळण्यात बाळाचा श्वास थांबला. बायकोनं तिला उचललं, तळव्यांवर टिचक्या मारल्या, तेव्हा श्वास परत आला.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "किती वेळ थांबला होता?"

"युगभर," बायको म्हणाली.

"एका श्लोकाइतका," मी म्हणालो.

"म्हणून दाखवा," म्हणत बाईंनी घड्याळ लावलं. नऊ सेकंद भरले. "तान्ह्या बाळांचं होतं असं. वीसच्या वर गेलं असतं तर काळजी होती."

दिवसभर नजरेखाली ठेवून आज तिला घरी सोडलं.

सगळे माझ्या प्रसंगावधानाचं कौतुक करतायत. खरं सांगतो, मी काही मोजत नव्हतो. घाबरून जागीच उभा होतो आणि तोंडातून श्लोक आपोआप चालू होता. बायकोला हे ठाऊक आहे. तिनं चारचौघांत लाज राखली आणि घरी येताच बाळ माझ्या हातात दिलं. म्हणाली, "घ्या पंडित. घाबरलेल्यांनीही धरायचं असतं."

धरलंय. ती भुकेनं ओरडतेय. आवाज थेट तुझ्यावर गेलाय, एवढं मात्र फोनवर सांगेन.

तुझा,
अजून थोडा थरथरणारा धाकटा