बेडकावरचा नवसागर

३ डिसेंबर १९५७
वरळीच्या दगडातला जीवाश्म बेडूक अखेर पुरा मोकळा झाला. सुपारीएवढा जीव, पण तीन महिने भिंगाखाली सुई घेऊन बसलो तेव्हा हाडं दिसली. सरांनी पाहिला, "छान" म्हणाले, आणि फोटोसाठी तयार करायला कदमकडे दिला. कदम! प्रयोगशाळेत येऊन पाच महिने झालेत त्याला.

४ डिसें.
कदमचं काम दारातून पाहिलं. आधी बेडकावर पातळ काळी शाई. मग काचेच्या नळीत नवसागर तापवून रबरी फुग्याने धूर हलकेच सोडला. पांढराशुभ्र बेडूक, बोटांची हाडं मोजून घ्यावीत! आठ वर्षांत मला असा थर जमलेला नाही. माझा पिठासारखा बसतो.
विचारलं, कुठे शिकलास रे? "करी रोडला आमच्या चाळीखाली कल्हईवाला बसायचा, राणेभाऊ. त्याच्या नवसागराचा धूर बघतच वाढलो." वर हसतो. नुसता जळफळाट झाला माझा.

५ डिसें.
बेडकावरच्या सरांच्या लेखात आभार मानताना कदमचं नाव येणार. माझं? सर म्हणाले, "तुम्ही काय, घरचेच." घरचे म्हणजे फुकटचे. डबा तसाच परत नेला. ही विचारते, बरं नाही का? काय सांगू.

७ डिसें.
कदम फोटोची काच आणायला आत गेला. दिव्याखाली बेडूक तयार. मी वाकलो आणि तोंडाची वाफ सोडली. चष्मा पुसताना सोडतो तेवढीच. ओल लागून थर कणीदार झाला. बिचाऱ्याने धुऊन पुन्हा दिला. तो पुन्हा आत गेला आणि मी पुन्हा...

९ डिसें.
आज तिसऱ्यांदा तेच. सर कडाडले, "हात ओले असतात तुझे! सभा, मोर्चे, संयुक्त महाराष्ट्र, लक्ष कुठे असतं?" कदमने बेडूक पुन्हा धुवायला घेतला. धुताना मागच्या पायाचं एक बोट सुटलं, पाण्याबरोबर मोरीत गेलं. माझंच काम ते, आठवडाभर खपलो होतो त्या बोटावर. उद्यापासून थर मी द्यायचा, नावही माझंच येणार. हवं ते मिळालं. जेवण गेलं नाही.

१० डिसें.
कदम आला. "राणेभाऊ, बाजूला उभा राहू? माझं काय चुकतं ते तरी कळेल." तोंडावर रुमाल घट्ट बांधलेला. म्हटलं, हे काय?
"माझाच श्वास लागत असेल त्याला."
राहा म्हटलं. नळी तापत ठेवली. सर पलीकडेच लिहीत बसले होते. दोनदा खरं सांगायला त्यांच्याकडे वळलो, पण शेवटी खिशातला रुमाल काढून मीही तोंडावर बांधला.